चौथं नाव

“रंभाबाईऽ!”

“आले!”

“सोनाबाईऽ!”

“हाय हितंच. वरडतूस कशाला?”

“निंगव्वाऽ!”

उत्तर तोंडाने आलं नाही. ढोलाच्या आतून खुरप्याचे दोन ठोके आले. टक्, टक्.

“आदी भायेर ये,” तिप्पण्णा म्हणाला. वाफेच्या चाकावर ठेवलेला हात त्याने काढून घेतला. निंगव्वा वाकून बाहेर आली, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि खोकत खोकत त्याच्यावरच डाफरली, “जरा दम धर की रं बाबा! आत काय मी झोपायला गेलते?”

तिप्पण्णाने ऐकून घेतलं. मग मान वळवून चौथ्या बाईकडे बघितलं. ती भिंतीपाशी उभी राहून लुगड्याचा ओचा झटकत होती. त्याने घसा खाकरला. तिने मान हलवली. झाली हजेरी. त्याने ढोलाचं झाकण लावलं, पान्याने चारी बोल्ट आवळले आणि वाफ सोडली.

ती चौथी बाई म्हणजे त्याची बायको, गुरम्मा.

मी विजयमाला. तेव्हा त्या कारखान्यात निवडणीला बसायचे. तंबाखूतल्या काड्या, खडे, सुतळीचे तुकडे वेचून काढायचं काम. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जिकडेतिकडे टॉवेल-चादरींचे माग खडखडायचे, आणि त्यांच्या मधोमध आमची तंबाखू. वारा फिरला की शेजारचे मागवाले शिंकून शिंकून बेजार व्हायचे आणि आमच्या नावाने बोटं मोडायचे. मोडेनात का! आम्ही दिवसभर त्या वासात बसायचो, आमच्यासाठी कोणी बोटं मोडली?

पूर्वी आमच्याकडे नुसती चाळणी आणि निवडणी व्हायची. मग मालकांनी तो ढोल आणला. ढोल आपलं आम्ही म्हणायचो. माणूस वाकून आत चालेल एवढं लोखंडी आडवं पिंप होतं ते. आत लोखंडाची पाती. तंबाखू ओली करून त्यात टाकायची, वाफ सोडायची आणि ढोल गरागरा फिरवायचा. मग ती तंबाखू लगेच गरम हवेच्या भट्टीत न्यायची. वाफेने पान फुगतं, आणि तसंच झटक्यात वाळवलं की फुगलेलंच राहतं. भडभुंज्याकडे लाह्या फुलतात ना, तसंच काहीसं. म्हणून आम्ही म्हणायचो, तंबाखू फुलवायची. चार पोती आत गेली की बाहेर पाच पोत्यांएवढा ढीग दिसायचा. वजन तेवढंच, रुबाब वाढलेला, आमच्या मॅनेजर कुंडलिकरावांसारखा. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं नाही कधी, पण पाठीमागे रोज म्हणायचे.

ढोलाला एकच खोड होती. तंबाखूचा काळा चिकटा आत पात्यांना धरायचा. तो रोज सकाळी खरवडून काढावा लागे. त्या कामाला या चार बायका. तोंडाला ओलं फडकं बांधायचं, हातात खुरपं घ्यायचं आणि आत शिरायचं. बाहेर यायच्या तेव्हा हात कोपरापर्यंत काळे, लुगडी काळी, डोळे लाल. पात्यांच्या आडोशाला बाई बसली की दारातून काही दिसायची नाही. ढोल नवा आला तेव्हा एकदा सोनाबाई आत असतानाच कोणीतरी झाकण लावायला घेतलं होतं. तिने बोंब मारली म्हणून वाचली. त्या दिवसापासून तिप्पण्णाने हे नावं पुकारायचं सुरू केलं. बाहेर असेल तिने तोंडाने ओ द्यायची, आत असेल तिने खुरप्याने दोन ठोके द्यायचे. फडक्यातून आवाज फुटत नाही ना, म्हणून. मॅनेजर हसायचे. “तिप्पण्णाची शाळा भरली बघा!” म्हणायचे. हसू देत. चारी बायका त्या शाळेच्या भरवशावर आत शिरायच्या.

तीन नावं पुकारायची आणि चौथं नाही. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडे तसंच असतं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि जुन्या वळणाचा नवराही चारचौघांत बायकोला नावाने हाक मारत नाही. पोराच्या नावाने मारतात. अमक्याची आई, तमक्याची आई. या दोघांना मूलच नव्हतं. दोघं अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला बाहेर पडली ती सोलापुरातच राहिली. आपसात कानडी बोलायची, आणि तीही किती, तर मोजून मापून.

जेवणाच्या सुट्टीत मी तिप्पण्णाला एकदा छेडलं होतं. “काय रं तिप्पण्णा, घरात बायकोला बोलवायचं झालं तर काय करतूस?”

“खाकरतो,” तो म्हणाला.

बायका फिदीफिदी हसल्या. “आन् तिला कळतंय व्हय?”

“घरात मानसंच दोन. मी खाकरला तर तिलाच की. अजून कुनाला?”

गुरम्मा पदरात तोंड घालून बसली होती. रंभाबाईने तिला कोपराने ढोसलं. “तू तरी घे की नाव! संक्रांतीला हळदीकुंकवाला आलतीस तवा बी तोंड शिवून बसलीस.”

“मला न्हाय येत,” गुरम्मा म्हणाली, आणि डब्यातली अर्धी भाकरी उचलून नवऱ्याच्या डब्यात ठेवली. त्याने ती मुकाट्याने खाल्ली. मला सांगा, याला काय म्हणायचं? माझा नवरा मला दिवसातून पन्नास वेळा नावाने हाका मारायचा आणि पन्नासही वेळा शिव्या देण्यासाठी.

मुंबईचे पाहुणे यायचे होते तो दिवस. कुठल्याशा मोठ्या कंपनीचे दोघे साहेब फुलवलेली तंबाखू बघायला येणार होते. पसंत पडली तर मालक दुसरा ढोल आणणार, असं बोललं जात होतं. सकाळपासून कुंडलिकरावांच्या अंगात आलं होतं. सडा घातला, पोती नीट रचली, भिंतीवर देवाचा नवा फोटो लावला, त्याला हार घातला. भट्टीचा पंखा पाहुणे यायच्या आधीच सुरू करून ठेवला होता. तो पंखा लागला की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं.

चौघी ढोल साफ करून बाहेर आल्या. कुंडलिकरावांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही घरात चिखलाचे पाय आलेत.

“ए, तुम्ही पोत्यांच्या मागं जाऊन बसा. पाव्हणे जाईपर्यंत पुढं यायचं नाही. हे काळं-बिळं दिसायला नको.”

माझ्या जिभेवर आलं होतं, की हे काळं तुमच्याच तंबाखूचं हाय. पण त्यांचा अवतार बघून गिळलं. ते फाटकाकडे पळाले. तिप्पण्णा त्या वेळी मागे बॉयलरवर वाफेचा काटा बघायला गेला होता.

पुढचं रंभाबाईने नंतर रडत रडत किती वेळा सांगितलं असेल! तिघी पोत्यांच्या मागे निघाल्या. गुरम्मा मात्र ढोलाच्या तोंडाशी थबकली. आत वाकून बघितलं आणि भिंतीला टेकवलेलं खुरपं पुन्हा हातात घेतलं.

“चल की गं,” रंभाबाई म्हणाली.

“पार शेवटाला जरा ऱ्हायलंय. पाव्हण्यांनी बॅटरी मारून बगितलं तर यांची मान खाली जाईल. तुमी व्हा पुडं. हे आले मी.”

रंभाबाई पुढे झाली.

मोटार आली. पाहुणे आत आले. एक जाडा, एक चष्मेवाला, दोघांच्याही नाकाला रुमाल. मालक हसत होते, कुंडलिकराव त्याहून जास्त हसत होते. तिप्पण्णा बॉयलरवरून येऊन ढोलापाशी उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा, कपाळाला विभूती. गुरम्मानेच पहाटे उठून सदरा चुलीच्या उबेला वाळवला असणार.

“लाव तिप्पण्णा,” कुंडलिकराव म्हणाले.

“नाव घेतो साहेब.”

“आता? पाव्हण्यांसमोर?”

“घेतो की.”

पाहुण्यांना कळेना. मालकांनी त्यांना काहीतरी सांगितलं, जाडे साहेब हसले. तिप्पण्णाचे कान लाल झाले. तरी त्याने पंख्याच्या वर आवाज चढवून नावं घेतली. पोत्यांच्या मागून तीन बायकांनी ओ दिली. रंभाबाई, सोनाबाई, निंगव्वा.

मग त्याने मान वळवली. भिंतीपाशी कोणी नव्हतं. तो खाकरला. त्या पंख्याच्या आवाजात तो खाकरला हे मला दिसलं, ऐकू आलं नाही. मग तिला आत कुठून ऐकू जाणार? त्याने पोत्यांच्या दिशेने मान उंच केली.

“आता काय मुहूर्त बघतोस का?” कुंडलिकराव दात-ओठ खात म्हणाले. “त्यांना गाडी गाठायचीय!”

“न्हाय साहेब. आमची... ती...”

“सगळ्या मागं बसल्यात. मी स्वतः बसवलंय. लाव!”

तिप्पण्णाचा चेहरा सैल पडला. ती परक्या पुरुषांसमोर कधी उभी राहायची नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? पदर ओढून पोत्यांच्या मागे बसली असेल, असंच त्याला वाटलं. त्याने झाकण लावलं. चारी बोल्ट आवळले. चाक फिरवलं, आणि नळातून वाफ सूं सूं करत आत शिरली. तंबाखू टाकण्याआधी ढोल असा थोडा वेळ नुसता तापवायचा असतो. फिरवायचा नंतर.

माझा घसा कोरडा पडला होता. पाहुणे ढोलापाशी रमलेत हे बघून मी उठले आणि पाण्याच्या माठाकडे गेले. माठ पोत्यांच्या मागेच होता. तिथे तिघी बसल्या होत्या. मी तांब्या बुडवला.

“गुरम्मा कुटं हाय गं?”

“तुज्याकडं न्हाय व्हय?” सोनाबाई म्हणाली. “आमाला वाटलं, पाव्हणे आले म्हणून तुमच्यात बसली.”

मी रंभाबाईकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता.

“आत गेलती,” ती म्हणाली. “भायेर आली आसंल की गं. आली आसंल की!”

तांब्या माझ्या हातातून कधी पडला ते मला आठवत नाही. मी धावले. पोत्यांना ठेचकाळले, उठले, पुन्हा धावले. ओरडत होते, पण पंखा माझा आवाज खाऊन टाकत होता. तिप्पण्णा चाकाशी पाठमोरा उभा होता. मी दोन्ही मुठींनी त्याच्या पाठीवर मारलं.

“गुरम्मा आत हाय! आरं, गुरम्मा आत हाय!”

तो वळला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. असं तोंड मी आयुष्यात पुन्हा बघितलं नाही आणि देवाने बघायला लावू नये. मग त्याने चाक असं फिरवलं की त्याच्या मनगटाची कातडी सोलली. वाफ बंद झाली. पान्याने पहिला बोल्ट धरला, तर पाना निसटत होता. झाकण तापलं होतं. त्याने उघडा पंजा त्यावर टेकवून जोर लावला आणि तेव्हा तो ओरडला.

“गुरम्माऽ!”

आख्खा कारखाना थांबला. ते नाव त्याच्या तोंडून आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं. आत काही आवाज नाही.

पहिला बोल्ट निघाला. “गुरम्माऽ! ए गुरम्माऽ!” दुसरा निघाला. कोणीतरी पंखा बंद केला, आणि एकदम एवढी शांतता झाली की नळातून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. तिसरा बोल्ट अडला. तिप्पण्णा पान्यावर छातीने रेलला.

“गुरम्माऽ!”

टक्.

आम्ही सगळे तसेच उभे. रंभाबाईने माझा दंड एवढा आवळला होता की वळ पुढे कितीतरी दिवस होते. दुसरा ठोका येईना. तिप्पण्णाचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

टक्.

“हाय!” निंगव्वा किंचाळली. “हाय गं माय, हाय!”

उरलेले दोन्ही बोल्ट निघाले आणि झाकण पडलं. वाफेचा लोट बाहेर आला, आणि तिप्पण्णा त्यातच आत शिरला. त्याने तिला बाहेर आणलं ते दोन्ही हातांवर घेऊन, पोर उचलावं तसं. वाफेचं पाणी निघून जायला ढोलाच्या तळाशी एक भोक असतं. ती पालथी पडून त्या भोकाला तोंड लावून बाहेरची हवा ओढत होती, म्हणून जिवंत होती. पाठ आणि दंड भाजले होते. तोंडावरचं फडकं तसंच होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला खुरप्याचे ओरखडेच ओरखडे होते. म्हणजे झाकण लागलं तेव्हापासून ती ठोके देत होती. दोन, दोन, दोन. आम्ही बाहेर पंख्याच्या आवाजात पाहुण्यांकडे बघत होतो.

तिला पाहुण्यांच्याच मोटारीतून दवाखान्यात नेलं. गादीवर पांढरं शुभ्र आच्छादन होतं. ते सगळं काळं झालं. चष्मेवाले साहेब स्वतः दार धरून उभे होते, तोंडावरचा रुमाल केव्हाच पडला होता.

जगली ती. पाठीवर, दंडांवर व्रण राहिले. पण वाफ घशात गेली होती. डॉक्टर म्हणाले, श्वासाला धोका नाही, आवाज मात्र परत यायचा नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिप्पण्णा खाटेशेजारी जमिनीवर बसला होता. त्याच्याही दोन्ही पंजांना पट्ट्या. आणि तो तिचं नाव घेत होता. हाका नव्हे, नुसतं नाव. गुरम्मा, गुरम्मा, गुरम्मा. इतकी वर्षं न घेतलेलं सगळं नाव त्याला एकदम घ्यायचं होतं. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं माना उंचावून बघत होती. गुरम्माने डोळे उघडले, आम्हाला बघितलं, आणि पट्टी बांधलेला हात कसाबसा उचलून त्याला खुणावलं, गप. लोक बघतात. पदर पुढे ओढायला तिची बोटं गळ्यापाशी गेली. पदर नव्हता, दवाखान्याची चादर होती. तीच ओढली. मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर जिन्यात जाऊन रडले.

सरकारी साहेब चौकशीला आले. कुंडलिकराव घाम पुसत एका बाजूला उभे. साहेबांनी तिप्पण्णाला विचारलं, “तुम्ही रोज नावं पुकारता म्हणे. त्या दिवशी पुकारली होती?”

“पुकारली.”

“सगळी?”

“तीन.”

“बायका चार होत्या. चौथीचं का नाही?”

 कुंडलिकरावांना वाटलं, आता हा आपल्याकडे बोट दाखवणार. त्याने दाखवायलाच हवं होतं, असं माझं आजही मत आहे. मागं जाऊन बसा कोण म्हणालं होतं? लाव म्हणून कोण ओरडलं होतं?

“बायकू हाय साहेब माजी,” तिप्पण्णा म्हणाला.

साहेब काही लिहिणार होते, ते थांबले. साहेबही आमच्याच भागातले असावेत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मी मात्र गप्प बसले नाही. पोत्यांच्या मागे कोणी बसवलं आणि घाई कोणी केली ते सगळं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि कुंडलिकराव पुढे महिनाभर माझ्याकडे बघत नव्हते. नाही बघितलं तर नाही.

पंजे बरे झाल्यावर तिप्पण्णा पुन्हा ढोलावर आला. मला वाटलं होतं, तो त्या चाकाला हात लावणार नाही. पण बॉयलरवरच्या दुसऱ्या माणसाने वाफ सोडायची म्हटलं, तर तिघी आत जायला तयार होईनात. “त्यो असंल तर आमी जाणार,” रंभाबाई म्हणाली. तेव्हा तो आला. ढोलाच्या तोंडाशी उभा राहिला, आणि पहिलं नाव घेतलं.

“गुरम्माऽ!”

सगळ्या चपापल्या. तो थांबला. चांगला थांबला. मग पुढची नावं घेतली, रंभाबाई, सोनाबाई, निंगव्वा, आणि मगच बोल्ट आवळायला घेतले. रोज असंच. एकदा कुंडलिकराव हळूच म्हणाले, “अरे, ती कामावर नाही आता.”

“ठाव हाय साहेब,” तिप्पण्णा म्हणाला.

कारखान्यात परत कोणी त्या शाळेला हसलं नाही.

दिवाळीच्या आधी मी गुरम्माकडे फराळाचं घेऊन गेले. एकच खोली, समोर पत्र्याचं छप्पर. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मला बघून हसली, पाट दिला, पाणी दिलं. बोलणार काय? मीच बोलत बसले. तेवढं मला येतं. कारखान्यातलं सगळं सांगितलं. कुंडलिकरावांची नक्कल करून दाखवली तेव्हा ती खांदे हलवून हसली, आवाज न करता.

दिवेलागण झाली. गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. गुरम्माचा हात पिठातच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं आणि लाजली. मला कळेना, कशाला लाजते ही.

“गुरम्माऽ!”

गल्लीतली पोरं खेळत होती, नळावर बायका भांडत होत्या. त्या सगळ्यांच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक. नळावरच्या एका बाईने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणजे रोजचंच होतं ते.

गुरम्माने पिठाच्या हाताने पदर डोक्यावर सारखा केला. उलथनं उचललं आणि तव्यावर दोनदा वाजवलं.

टक्, टक्.

मग तिप्पण्णाने सायकल भिंतीला लावली आणि पायावर पाणी घेऊन आत आला.